स्टँडच्या आधी कीबोर्ड: गावातल्या टेबलावर लॅपटॉपसाठी काय घ्यावं, काय सोडावं

ऑनलाइन ५०० ते ९०० रुपयांत मिळणारा घडीचा ॲल्युमिनियम स्टँड ही चांगली वस्तू आहे. पण तो एकटाच आणला आणि लॅपटॉप त्यावर ठेवून त्याच्याच बटणांवर टायपिंग सुरू केलं, तर मानेचा त्रास कमी होतो आणि खांदे-मनगटांचा सुरू होतो. त्यामुळे निकाल आधीच सांगतो: पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर वेगळा कीबोर्ड आणि माउस घ्या. लॅपटॉप उंच करायला घरातल्या वस्तू चालतात, कीबोर्डाला पर्याय नाही.

कारण लॅपटॉपच्या घडणीतच आहे. स्क्रीन डोळ्यांसमोर हवी आणि बटणं कोपराच्या उंचीवर हवीत, पण लॅपटॉपमध्ये ही दोन्ही एका बिजागरीला जोडलेली आहेत. स्क्रीन वर नेली की बटणं वर जातात, बटणं खाली घेतली की मान वाकते. माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं. ते सरळ असताना मणक्यावर तोललं जातं. पुढे झुकलं की मानेचे मागचे स्नायू ते सतत ओढून धरतात. ग्रामपंचायतीतला संगणक परिचालक, सेतू किंवा आपले सरकार सेवा केंद्र चालवणारे, कृषी केंद्रात बिलं करणारी पोरं, सगळ्यांची मान अशीच भरून येते. जून-जुलैत उत्पन्नाचे, जातीचे, नॉन क्रिमिलेयरचे दाखले आणि त्यातच पीक विम्याचे फॉर्म सुरू झाले की बैठक सकाळपासून रात्रीपर्यंत लांबते. म्हणून ही मांडणी जमवून घ्यायची वेळ उन्हाळ्यातच असते.

आधी मोजून घ्या

खरेदीआधी सुताराचा टेप घ्या. नेहमीच्या प्लास्टिक खुर्चीची बैठक जमिनीपासून साडेसोळा-सतरा इंच असते. बसलेल्या माणसाचं कोपर बैठकीपासून सुमारे ९ इंचांवर, म्हणजे जमिनीपासून २६ इंचांवर येतं. कार्यालयातलं किंवा घरातलं टेबल मात्र २९-३० इंचांचं. मधल्या तीन-चार इंचांमुळे खांदे कानांकडे उचललेले राहतात आणि संध्याकाळी मान-खांद्याच्या सांध्यात गाठ बसल्यासारखं वाटतं. पुष्कळ जण त्याचा दोष लॅपटॉपला देतात. खरा दोष टेबल आणि खुर्ची यांच्या उंचीतल्या फरकाचा असतो.

खुर्चीवर ३ इंची घट्ट फोमची गादी टाका. बसल्यावर ती दबून दोन-अडीच इंच उरते. स्पंजची मऊ गादी नको, ती महिन्याभरात पापड होते. बैठक उंच झाल्यामुळे पाय अधांतरी राहतात, तेव्हा पायाखाली आडवी वीट किंवा ३ इंची लाकडी फळी ठेवा. टेबल लाकडी असेल तर सुताराकडून चारही पाय एक-दीड इंच कापून घ्या, पंधरा मिनिटांचं काम आहे. लोखंडी टेबल कापायच्या भानगडीत पडू नका, खुर्चीच वाढवा.

डोळ्यांचं माप बसलेल्या माणसाकडून घ्यायचं. गादीवर सरळ बसा, समोर पाहा आणि दुसऱ्याला टेबलापासून डोळ्यापर्यंतची उंची मोजू द्या. पाच-साडेपाच फुटी माणसात ती १६ ते १८ इंच भरते. स्क्रीनची वरची कड या रेषेत किंवा एक-दोन इंच खाली हवी. १५.६ इंची लॅपटॉपचं उघडलेलं झाकण सुमारे ९ इंच उंच असतं. म्हणजे लॅपटॉपची मागची बाजू टेबलापासून ६ ते ७ इंच वर गेली की काम झालं. बुटक्या माणसाला ५ इंच पुरतात. जवळचं आणि लांबचं दोन्ही दाखवणारा चष्मा असेल तर स्क्रीन आणखी दोन इंच खाली ठेवा. नाहीतर खालच्या भिंगातून पाहण्यासाठी हनुवटी वर करावी लागते आणि मान उलटी दुखते.

हे माप पटतं का ते पैसे न घालवता पाहता येतं. दोन विटा आडव्या एकावर एक रचल्या की ६ इंच होतात. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या विटांचे असे दोन ढीग लॅपटॉपच्या दोन्ही कडांखाली ठेवा, मधली जागा हवेसाठी मोकळी सोडा. वर्तमानपत्र विसरू नका, विटेची भुकटी पंख्यात गेली तर साफसफाईचा खर्च स्टँडपेक्षा जास्त येईल. चार दिवस या मांडणीवर काम करा आणि मग स्टँड घ्यायचा की नाही ते ठरवा.

घडीचा स्टँड

हा स्टँड अनेक नावांनी विकला जातो, साचा मात्र बहुतेक एकच: दोन लांब पाय, मध्ये फुली, मागच्या आधाराला अडकवायला सहा-सात खाचा आणि पुढे लॅपटॉप घसरू नये म्हणून दोन छोटे आकडे. वजन पाव किलोच्या आसपास, घडी करून पिशवीत मावतो. सर्वांत वरच्या खाचेत मागची बाजू साधारण ६ इंचांपर्यंत जाते. कमी पडली तर खाली एखादं जाड रजिस्टर ठेवा.

पाहण्यासाठी हा उत्तम आहे, टायपिंगसाठी निकामी. वरच्या खाचांत लॅपटॉप इतका तिरपा होतो की मनगटं मागे दुमडतात, आणि प्रत्येक बटणासोबत स्क्रीन डुलते. ती डुलताना दिसली की लोक स्टँड खराब म्हणून परत पाठवतात. तो टायपिंगसाठी बनवलेलाच नाही.

खराब काय होतं तेही पाहा. पहिलं म्हणजे रबराचे तुकडे. ते चिकटपट्टीने लावलेले असतात आणि एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ती चिकटपट्टी मऊ पडून रबर सरकतं. मग धातूची कड थेट लॅपटॉपच्या तळाला लागते. सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन किंवा फेविबाँड दोन्ही बाजूंना लावा, दहा मिनिटं वाळू द्या आणि दाबून बसवा. फेविक्विक नको, ते कडक होऊन तडकतं. दुसरं म्हणजे रिव्हेट, म्हणजे ठोकून पक्की केलेली खीळ. रोज घडी करणाऱ्यांच्या स्टँडमध्ये मधला रिव्हेट सैल होतो आणि तो घट्ट करायची सोय नसते. म्हणून शक्यतो रिव्हेटऐवजी स्क्रू-नट असलेला नमुना निवडा. तिसरं, लॅपटॉप उलटा करून हवा आत घेणाऱ्या जाळ्या कुठे आहेत ते पाहा. स्टँडचे पाय जाळीवर येत असतील तर लॅपटॉप इंचभर डावी-उजवीकडे सरकवा. आणि झाकण फार मागे पाडू नका. हलका लॅपटॉप वरच्या खाचेत असताना सारं वजन मागे जाऊन तो उलटू शकतो.

दोन सांध्यांचा, इंग्रजी झेडच्या आकाराचा जड स्टँड बाराशे रुपयांपासून मिळतो. तो डुलत नाही आणि उंची हवी तेवढी लावता येते. रोज एकाच टेबलावर बसणाऱ्याला तो घडीच्या स्टँडपेक्षा चांगला. मात्र दोन किलोच्या लॅपटॉपखाली त्याचा सांधा हळूहळू खाली बसतो. सोबत आलेली एलन की, म्हणजे षटकोनी टोकाची वाकडी किल्ली, फेकू नका, महिन्यातून एकदा सांधा आवळावा लागतो.

सुताराकडून करून घेतलेला स्टँड

आमच्या मते गावातल्या पक्क्या बैठकीसाठी हाच सर्वांत चांगला. फर्निचरच्या कामातून उरलेला १२ मिलिमीटर प्लायचा तुकडा पुरतो. गडचिरोली-चंद्रपूरकडे सागवानाचे तुकडेही मिळतात, पण त्यावर जास्त पैसे घालवायची गरज नाही.

माप असं द्या: वरची फळी १५ इंच रुंद आणि १० इंच खोल. मागची उंची ७ इंच, पुढची ६, म्हणजे हलका उतार राहतो. फळीच्या मध्यात ९ बाय ५ इंचांची खिडकी कापायला लावा, तिथूनच लॅपटॉपला हवा मिळते. पुढच्या कडेला अर्धा इंच उंचीच्या दोन पट्ट्या, पण मध्ये चार इंच मोकळे सोडून, नाहीतर झाकण उघडताना बोट अडतं. पाठीमागे आडवी पट्टी एकच ठेवा, पूर्ण फळी लावली तर गरम हवा कोंडते. तळाला जुन्या सायकल ट्यूबचे तुकडे चुकांनी, म्हणजे बारीक खिळ्यांनी, ठोका. चिकटवलेलं नसल्यामुळे ते उन्हाळ्यात सरकत नाहीत.

खालच्या मोकळ्या जागेत अंगठ्याचं मशीन आणि अर्जांचा गठ्ठा राहतो. काम संपल्यावर पूर्ण कीबोर्डही खाली सारायचा असेल तर रुंदी २० इंच ठेवा, कारण आकड्यांच्या बटणांसकट कीबोर्ड १७-१८ इंचांचा असतो. लॅमिनेट लावू नका, पॉलिश पुरे. गुळगुळीत लॅमिनेटवर लॅपटॉप पुढे घसरत राहतो.

याची उणीव एकच: उंची बदलत नाही. दोन पाळ्यांत वेगवेगळ्या उंचीची माणसं बसत असतील तर बुटक्या माणसाचं माप धरून करा, उंच माणसासाठी खाली फळी सारता येते.

कीबोर्ड आणि माउस

सेवा केंद्रात आकड्यांची बटणं असलेलाच कीबोर्ड घ्या. १२ अंकी आधार क्रमांक, मोबाइल, गट नंबर, खाते क्रमांक दिवसभर भरायचे असतात आणि वरच्या ओळीतले आकडे शोधताना डोकं खाली-वर होत राहतं. मात्र त्या बटणांमुळे माउस उजवीकडे लांब जातो आणि हात ताणला जातो. उपाय असा: कीबोर्डाचा मध्य पोटासमोर न ठेवता अक्षरांच्या भागाचा मध्य पोटासमोर आणा, म्हणजे जी आणि एच या बटणांची फट बेंबीच्या रेषेत. आकड्यांचा भाग उजवीकडे जाऊ द्या आणि माउस त्याला अगदी खेटून ठेवा. कीबोर्डाखालचे मागचे दोन पाय उघडू नका. सगळे उघडतात, आणि त्यानेच मनगट मागे दुमडतं.

वायरचा की बिनवायरचा, हे यूएसबीच्या जागांवर ठरवा. स्वस्त लॅपटॉपला दोन-तीनच जागा असतात. अंगठ्याचं मशीन आणि प्रिंटर लावला की कीबोर्ड-माउससाठी काही उरत नाही. बिनवायरच्या जोडीला दोघांत मिळून एकच रिसीव्हर, म्हणजे यूएसबीत खोचायचा छोटा तुकडा, लागतो आणि ती हजार ते अठराशे रुपयांत मिळते. एका जागेच्या अनेक जागा करणारा यूएसबी हब घेणार असाल तर अंगठ्याचं मशीन हबवर लावू नका, थेट लॅपटॉपला लावा. वेगळा पुरवठा नसलेल्या हबवर ते मध्येच ओळखलं जात नाही आणि समोरच्या म्हाताऱ्या माणसाला पाच-पाच वेळा बोट ठेवावं लागतं. रिसीव्हर निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या जागेत पेनड्राइव्हशेजारी लावला तर सिग्नल अडखळतो आणि अक्षरं गळतात. तो दुसऱ्या बाजूच्या जागेत लावा.

घरी अभ्यास करणाऱ्याला किंवा मराठी टायपिंगच्या परीक्षेची तयारी करणाऱ्याला वायरचा साधा कीबोर्ड चांगला, ४०० ते ७०० रुपये. लॉजिटेकचा के १२० आणि डेलचा केबी २१६ हे दोन्ही सहज मिळतात. परीक्षेच्या दृष्टीने बटणांना पुरेशी खोली आहे का, ते दुकानात दाबून पाहा. लाईन गेली तरी वायरचा कीबोर्ड लॅपटॉपच्या बॅटरीतून नगण्य वीज घेतो, ती काळजी नको. अंधारात मात्र अडचण येते: स्क्रीन उंच केल्यावर तिचा उजेड बटणांवर कमी पडतो. यूएसबीवर चालणारा पन्नास-साठ रुपयांचा छोटा दिवा जवळ ठेवा.

माउस काचेच्या टेबलावर उड्या मारतो. पॅड नसेल तर वहीचा जाड पुठ्ठा चालतो.

खुर्ची

साडेतीन-चार हजारांची फिरती खुर्ची घ्यायची तर जाळीच्या पाठीची घ्या. रेक्झिन दोन उन्हाळ्यांत फाटतं आणि घामाने पाठीला चिकटतं. खाली शहाबादी फरशी किंवा टाइल्स असतील तरच चाकं चालतात. सारवलेल्या जमिनीवर ती रुततात आणि खुर्ची एका बाजूला कलते, तिथे साधी खुर्चीच बरी.

प्लास्टिक खुर्चीची बैठक मागे उतरती असते. त्यामुळे माणूस घसरत मागे जातो, कंबर गोल होते आणि डोकं पुढे येतं. गोधडीची घडी बैठकीच्या मागच्या अर्ध्या भागात टाकून ती सपाट करा, त्यावर फोमची गादी ठेवा. टॉवेलची तीन-चार इंच जाडीची गुंडाळी करून पट्ट्याच्या उंचीवर पाठीशी बांधा. एवढ्यावर ही खुर्ची दोन-तीन तासांच्या बैठकीसाठी चांगली होते. त्याहून लांब बैठक कोणत्याच खुर्चीवर करू नका. दर अर्ध्या तासाला उभं राहा, आणि दर वीस मिनिटांनी वीस सेकंद दाराबाहेर लांबवर पाहा.

मांडी घालून बसणाऱ्यांसाठी बाजारात बाज किंवा पलंगावर वापरायचं घडीचं टेबल मिळतं. ते साधारण १०-११ इंच उंच असतं. जमिनीवर बसलेल्याचं कोपर ८-९ इंचांवर येतं, म्हणजे टेबल पुन्हा उंच पडतं. बुडाखाली दोन-अडीच इंचांचा पाट किंवा घट्ट उशी घ्या. कोपर वर येतं आणि कंबरही सरळ राहते. या टेबलाचे लोखंडी पाय आतल्या बाजूला मिटतात. पायांची कडी नीट बसली का ते पाहिल्याशिवाय लॅपटॉप ठेवू नका.

ऊन, कुलर आणि अर्थिंग

बहुतेक लॅपटॉप कंपन्या ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापर सांगतात. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा इथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. अशा वेळी लॅपटॉप गोधडीवर किंवा मांडीवर ठेवणं म्हणजे पंख्याचं तोंड बांधणं. स्टँडचा हा दुसरा फायदा मोठा आहे, तळाखालून हवा खेळते. पंखे बसवलेलं कूलिंग पॅड मात्र घेऊ नका. खोलीतली हवाच तापलेली असेल तर ते तीच हवा ढकलतं, आणि धूळ जास्त वेगाने आत फेकतं. जिनिंगजवळच्या गावात, कापसाच्या हंगामात, लॅपटॉपच्या जाळीवर रुईच्या तंतूंचा थर बसतो. आठवड्यातून एकदा मऊ ब्रशने जाळी झाडा. ब्लोअर मारायचा असेल तर पंख्याचं पातं काडीने अडवून धरा, नाहीतर ते बेफाम फिरून त्याचा सांधा जातो.

कुलरसमोर लॅपटॉप ठेवायची सवय फार दिसते. हवा गार असते, पण सोबत पाण्याचे तुषार आणि त्यातले क्षार येतात. लॅपटॉप कुलरपासून सहा-आठ फूट दूर आणि झोताच्या बाजूला ठेवा, माणसाला वारा लागला तरी पुरे.

धातूच्या स्टँडबाबत एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. धातूच्या बॉडीचा लॅपटॉप चार्जिंगला असताना हाताला झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही किंवा चार्जर दोन पिनांचा आहे. चार्जरमधली थोडी गळती नेहमी अर्थिंगवाटे जाते, अर्थिंग नसलं की ती बॉडीवर राहते. रबर निघालेल्या ॲल्युमिनियम स्टँडलाही मग तशाच झिणझिण्या येतात. गावातल्या अनेक बोर्डांत तिसऱ्या भोकाला तारच जोडलेली नसते. इलेक्ट्रिशियनकडून ती तपासून घ्या आणि अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालत राहा, कोरड्या जमिनीत अर्थिंग काम करत नाही. तोवर लाकडी स्टँड वापरा.

लॅपटॉप कायम टेबलावर आणि कायम चार्जिंगला असेल तर बॅटरीची मर्यादा ८० टक्क्यांच्या आसपास लावा. लेनोवोत व्हँटेज ॲपमधला कंझर्व्हेशन मोड, असूसमध्ये मायअसूस ॲप, डेल आणि एचपीत बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, ही सोय बऱ्याच मॉडेल्सना असते. उष्णता आणि १०० टक्के चार्ज एकत्र आले की बॅटरी लवकर फुगते, आणि फुगलेली बॅटरी आधी टचपॅड वर उचलते.

बसवताना आणि घेताना

स्क्रीन दाराच्या समोर किंवा दाराला पाठ करून ठेवू नका. दार बाजूला येईल असं टेबल फिरवा. स्क्रीन वर गेल्यावर ट्यूबलाइटची चकाकी नव्याने दिसते, तेव्हा झाकण थोडं पुढे घ्या. अंतर हाताच्या लांबीएवढं, दीड-दोन फूट. त्या अंतरावरून अक्षरं वाचता येत नसतील तर पुढे वाकू नका, विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये स्केल १२५ किंवा १५० टक्के करा. सरकारी पोर्टलवरचे फॉर्म त्यानेही बारीक दिसले तर ब्राउझरमध्ये कंट्रोल धरून अधिकचं बटण दाबा.

नागपूरला सीताबर्डीत किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी जाणं होत असेल तर कीबोर्ड दुकानातच घ्या, बोटांनी दाबून पाहता येतो. स्टँड ऑनलाइन मागवायला हरकत नाही. पण तुमच्या पिनकोडवर परत न्यायला माणूस येतो का, हे ऑर्डरआधी पाहा, कारण अनेक गावांत वस्तू पोचते आणि परतीची सोय नसते. पार्सल उघडल्याच्या दिवशीच लॅपटॉप सर्वांत वरच्या खाचेत ठेवा, एका कोपऱ्यावर बोटाने हलकं दाबा. चारपैकी एखादा पाय उचलला जात असेल तर सांगाडा वाकडा आहे, आणि तो नंतर सरळ होत नाही.